जिनिव्हाचं रेडक्रॉस संग्रहालय : तीन तास राखून ठेवा, आणि सॉल्फेरिनो वाचून जा

युरोपच्या सहलीत जिनिव्हाच्या वाट्याला बहुतेक वेळा अर्धा दिवस येतो. तळ्यातलं उंच कारंजं, फुलांचं घड्याळ, संयुक्त राष्ट्रांच्या दारासमोरची तुटक्या पायाची खुर्ची, आणि बस पुढच्या गावाला. त्या खुर्चीपासून चढाच्या रस्त्याने जेमतेम दहा मिनिटं चाललं की आंतरराष्ट्रीय रेडक्रॉस आणि रेड क्रेसेंट संग्रहालय लागतं. सहल कंपन्यांच्या कार्यक्रमात ते सहसा नसतं. आमच्या मते जिनिव्हात एकच जागा बघायची असेल, तर ती हीच.

तक्रार एकच आहे, पण मोठी. हे संग्रहालय युद्धाचा अन्याय फार ताकदीने दाखवतं. त्या अन्यायातून 'तटस्थता' नावाची कामाची पद्धत कशी घडली, हे मात्र बघणाऱ्याला तुकडे जोडूनच कळतं. ते तुकडे आधी माहीत असले तर इथले तीन तास सोन्याचे होतात. नसले तर माणूस हेलावून बाहेर येतो आणि 'युद्ध वाईट' एवढंच बरोबर नेतो.

आधी जाण्याबद्दल. कोर्नावां या मुख्य स्थानकावरून ८ क्रमांकाची बस घ्या आणि 'आप्पिया' थांब्यावर उतरा, दार समोरच आहे. १५ क्रमांकाच्या ट्रामने 'नास्यों'पर्यंत येऊन चालत गेलं तरी चालतं. शहरातल्या हॉटेलात मुक्काम असेल तर प्रवासाचा मोफत पास मिळतो, तो खोली घेतानाच मागून घ्या. सोमवारी संग्रहालय बंद असतं. हिवाळ्यात ते तासभर लवकर मिटतं, त्यामुळे दुपारी तीननंतर आत शिरण्यात अर्थ नाही.

इमारत रस्त्यावरून जवळजवळ दिसतच नाही, कारण ती टेकडीच्या पोटात खोदलेली आहे. वर रेडक्रॉसच्या आंतरराष्ट्रीय समितीचं मुख्यालय, खाली संग्रहालय. आवारात डोक्यापासून पायापर्यंत कापडात गुरफटलेल्या, चेहरा नसलेल्या दगडी माणसांचा एक घोळका उभा आहे. कार्ल बुखर या शिल्पकाराचं हे काम. त्यांच्या अंगावर ना गणवेश, ना झेंडा. ही माणसं कोणत्या बाजूची हे ओळखता येत नाही, आणि आतला सगळा विषय इथे दारातच मांडलेला आहे. फोटो काढून लगेच आत पळू नका, दोन मिनिटं थांबा.

संग्रहालय १९८८ साली उघडलं आणि २०१३ मध्ये नव्या मांडणीसह पुन्हा खुलं झालं. कायमच्या प्रदर्शनाचे तीन भाग आहेत आणि तिन्ही वेगवेगळ्या देशांतल्या कलावंतांनी रचले. मानवी प्रतिष्ठेचं रक्षण हा भाग ब्राझीलच्या ग्रिंगो कार्दिया यांचा, तुटलेली कुटुंबं जोडण्याचा भाग बुर्किना फासोच्या दिएबेदो फ्रान्सिस केरे यांचा, आणि नैसर्गिक आपत्तींचा भाग जपानच्या शिगेरू बान यांचा. वेळ कमी असेल तर तिसरा भाग झटपट उरका. पुठ्ठ्याच्या नळ्यांची रचना देखणी आहे, मुलं तिथे रमतात, पण या लेखाचा विषय पहिल्या दोन भागांत आहे. इंग्रजी माहिती सगळीकडे मिळते.

आता आत शिरण्याआधी माहीत असाव्यात अशा गोष्टी.

रेडक्रॉसची कल्पना ज्याच्यापासून सुरू झाली तो आँरी द्युनां १८२८ साली जिनिव्हात जन्मला. २४ जून १८५९ रोजी उत्तर इटलीत सॉल्फेरिनोची लढाई झाली तेव्हा तो ३१ वर्षांचा होता. एका बाजूला फ्रान्सचा बादशहा तिसरा नेपोलियन आणि सार्डिनियाचा राजा, दुसऱ्या बाजूला ऑस्ट्रियाचा बादशहा. दोन्ही बाजूंचं मिळून सुमारे तीन लाख सैन्य होतं, आणि एका दिवसात मेलेले, जखमी झालेले आणि बेपत्ता असे मिळून जवळपास चाळीस हजार. या ठिकाणी द्युनां मदत करायला गेला नव्हता. अल्जीरियात त्याचा पिठाच्या गिरण्यांचा धंदा होता, त्यासाठी जमीन आणि पाण्याचे हक्क हवे होते आणि सरकारी कचेरीत काम अडलं होतं. म्हणून थेट फ्रेंच बादशहालाच गाठावं, असा त्याचा बेत. बरोबर त्याने बादशहाच्या स्तुतीचं स्वतः लिहिलेलं एक पुस्तकही नेलं होतं. तटस्थतेचा इतिहास इथे सुरू होतो : एका पक्षाकडे वशिल्यासाठी निघालेल्या तरुणापासून. ही गोष्ट बहुतेक जण विसरतात आणि द्युनां जन्मजात संत होता असं धरून चालतात. मग त्याने काय बदललं आणि का, हेच हातातून सुटतं.

रणांगणापासून काही किलोमीटरवर कास्तिल्योने नावाचं गाव आहे. जखमींचे लोंढे तिथे आले. फ्रेंच सैन्यात घोड्यांच्या वैद्यांपेक्षा माणसांचे डॉक्टर कमी होते. गावच्या मोठ्या चर्चमध्ये जवळजवळ पाचशे जखमी जमिनीवर पडलेले, बाहेर गवतावर आणखी शंभर. पाणी होतं, अन्न होतं, पण ते द्यायला हात नव्हते. द्युनांने गावातल्या बायका आणि मुली गोळा केल्या, पाणी भरायला लहान पोरं लावली आणि आपल्या गाडीवानाला सामान आणायला ब्रेशिया शहरात पिटाळलं. खरेदीत काय होतं? कॅमोमाइलची फुलं, संत्री, लिंबं, साखर, सदरे, स्पंज, जखमा बांधायला तागाचं कापड, टाचण्या, आणि तंबाखू. तंबाखूही, कारण भूल न देता पाय कापताना आणि सडलेल्या जखमांच्या वासात माणसाला तेवढाच आधार होता. इथला कुठलाही निर्णय विचारसरणीतून आलेला नाही. फ्रेंच, इटालियन, अरब, ऑस्ट्रियन असे सगळे एकाच फरशीवर होते, आणि द्युनां देश न विचारता रांगेने पुढे जात होता हे पाहून गावातल्या बायकाही तसंच करू लागल्या. 'तुत्ती फ्रातेल्ली', म्हणजे सगळे भाऊ, हे त्या बायकांचे शब्द.

पण नुसत्या दयेवर किती दिवस निभावणार, हे त्याच गावात दिसलं. कैद्यांना घेऊन येणाऱ्या एका घोडदळाच्या तुकडीला लोकांनी चुकून परतून आलेलं ऑस्ट्रियन सैन्य समजलं. क्षणात घरांची दारं लागली, खिडक्यांवरचे फ्रेंच-इटालियन रंगांचे झेंडे उतरवून जाळले गेले, आणि तोवर दुर्लक्षित पडलेल्या ऑस्ट्रियन जखमींची काही घरांत एकदम बडदास्त सुरू झाली. द्युनांने हे स्वतः लिहून ठेवलं आहे, आणि आमच्या मते त्याच्या सगळ्या लिखाणातलं हे सर्वांत महत्त्वाचं निरीक्षण आहे. मदत करणाऱ्याला जिंकणाऱ्याची भीती असेल, तर मदत जिंकणाऱ्याच्या बाजूने झुकते. ती भीती काढायची असेल तर शुश्रूषा करणाऱ्या माणसाला, आणि त्याच्या घरालाही, लढाईच्या हिशेबातून बाहेर काढावं लागतं.

दुसरी अडचण डॉक्टरांची. सैन्य मागे हटलं की त्याचे डॉक्टर जखमींना टाकून निघून जात, कारण थांबले तर ते कैदी होत. पकडलेले ऑस्ट्रियन डॉक्टर कैदेत बसून होते आणि त्यांचेच सैनिक पलीकडच्या खोलीत औषधावाचून मरत होते. लढाईनंतर काही दिवसांनी द्युनां फ्रेंच मुख्यालयात गेला आणि या डॉक्टरांना सोडण्याची विनंती केली. जखमींची शुश्रूषा करताना पकडलेल्या डॉक्टरांना बिनशर्त मुक्त करण्याचा हुकूम निघाला. गिरण्यांच्या पाण्यासाठी ज्या दरबाराचं दार ठोठवायचं होतं, तिथून तो हा हुकूम घेऊन परतला.

असं मनात आलेला तो एकटाच नव्हता. नेपल्सच्या राजाच्या सैन्यातला डॉक्टर फेर्दिनांदो पालाशियानो याने १८४८ मध्ये मेसिनाच्या वेढ्यात शत्रूच्या जखमींवरही उपचार केले. तसं न करण्याचा हुकूम होता. त्याला मृत्युदंड सुनावला गेला, तो पुढे एका वर्षाच्या कैदेवर आला. तेव्हा तो तिशीच्या आसपास होता. १८६१ मध्ये नेपल्सच्या विद्वत्सभेत त्याने उघडपणे मांडलं की जखमी सैनिक तटस्थ मानला गेला पाहिजे. द्युनांच्या सॉल्फेरिनोवरच्या पुस्तकाच्या एक वर्ष आधी. एकाने अन्याय डोळ्यांनी पाहिला, दुसऱ्याने स्वतः भोगला, आणि दोघं एकाच निष्कर्षाला आले. पालाशियानोचं नाव आपल्याकडे फारसं कुणी घेत नाही, ही हळहळ वाटणारी गोष्ट आहे.

द्युनांने १८६२ मध्ये सॉल्फेरिनोवरचं ते पुस्तक स्वखर्चाने छापलं, प्रती १६००. गंमत म्हणजे त्यात तटस्थतेची मागणी स्पष्ट नाही. शांततेच्या काळातच स्वयंसेवकांच्या संस्था तयार ठेवा, आणि राष्ट्रांनी एखादं तत्त्व कराराने मान्य करावं, एवढंच त्यात आहे. फेब्रुवारी १८६३ मध्ये जिनिव्हात पाच जणांची समिती बसली, तीच पुढे रेडक्रॉसची आंतरराष्ट्रीय समिती झाली : ग्युस्ताव्ह मोइनिए, जनरल द्युफूर, डॉ. आप्पिया, डॉ. मोनुआर आणि द्युनां. बसथांब्याचं नाव या आप्पियाचंच. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये द्युनां बर्लिनला गेला, तिथे डच लष्करी डॉक्टर बास्तिंग यांच्याशी बोलला आणि समितीला न विचारता एक परिपत्रक छापून मोकळा झाला : लष्करी डॉक्टर, त्यांचे मदतनीस आणि स्वयंसेवक, सगळे तटस्थ माना. मोइनिएला ही मागणी अशक्य वाटली होती. पुढे वर्षभरात तीच कराराचा कणा ठरली.

२२ ऑगस्ट १८६४ चा पहिला जिनिव्हा करार अवघ्या १० कलमांचा आहे आणि त्यावर १२ देशांनी सह्या केल्या. जुन्या जिनिव्हातल्या नगरभवनात, आता ज्याला अलाबामा दालन म्हणतात तिथे. पहिलं कलम : जखमी आत असेपर्यंत रणांगणावरचे फिरते दवाखाने आणि लष्करी रुग्णालयं तटस्थ. डॉक्टर शत्रूने प्रदेश घेतल्यावरही काम चालू ठेवू शकतात किंवा आपल्या सैन्याकडे परत जाऊ शकतात. पाचवं कलम गावकऱ्यांचं, थेट कास्तिल्योनेच्या त्या बंद दारांतून आलेलं : जखमीला आसरा देणारं घर सुरक्षित, त्या घरावर सैनिक उतरवायचे नाहीत. सहावं : जखमी कोणत्याही देशाचा असो, शुश्रूषा करायची. सातवं : पांढऱ्यावर लाल क्रूस.

आणि लगेच बिघडलं कुठे? पाचव्या कलमातच. १८७०-७१ च्या फ्रान्स-प्रशिया युद्धात सैनिकांची वर्दळ टाळायला लोक किरकोळ जखमीला घरात ठेवून दारावर क्रूस लावू लागले. म्हणून १९०६ च्या सुधारित करारात ही सवलत पातळ केली गेली आणि 'तटस्थ' हा शब्दही काढून 'आदर आणि संरक्षण' असे शब्द आले. शत्रूच्या सैन्यातला डॉक्टर खऱ्या अर्थाने तटस्थ नसतोच, तो एका बाजूचा असतो आणि तरीही त्याला मारायचं नसतं. तटस्थता ही मग चळवळीची शिस्त म्हणून राहिली. १९६५ मध्ये व्हिएन्नात ठरलेल्या सात तत्त्वांत ती तिसरी आहे.

दुसरं तत्त्व निःपक्षपात. इंग्रजी फलक वाचताना या दोघांत गल्लत होते, म्हणून फरक सांगतो. निःपक्षपात जखमींमध्ये चालतो : ज्याला जास्त लागलं आहे त्याला आधी, देश-धर्म न बघता. तटस्थता लढणाऱ्यांमध्ये चालते : युद्धात आणि त्यामागच्या राजकीय, वांशिक, धार्मिक वादात बाजू घ्यायची नाही, म्हणजे दोन्हीकडच्या चौक्या तुमची गाडी सोडतील. निःपक्षपात हे नीतीचं तत्त्व आहे, तटस्थता हे वाट मिळवण्याचं साधन. स्वित्झर्लंड देशाची १८१५ पासूनची तटस्थता ही तिसरीच गोष्ट, ती राज्याच्या परराष्ट्रधोरणाची आहे.

एवढं डोक्यात ठेवून दुसऱ्या भागात जा. तिथे पहिल्या महायुद्धातल्या युद्धकैद्यांच्या माहितीसंस्थेची मूळ कार्डं आहेत. सगळी मिळून सुमारे ६० लाख, आणि २००७ पासून युनेस्कोच्या जागतिक स्मृतिनोंदवहीत. एकेक कार्ड म्हणजे एकेक माणूस : नाव, पलटण, शेवटचा ठावठिकाणा, चौकशी कुणी केली. ही माहिती दोन्ही बाजूंनी जिनिव्हाला दिली, कारण मधला माणूस कुणाचाच नव्हता. तटस्थतेचा इतका भरीव पुरावा दुसरीकडे बघायला मिळणं कठीण. रवांडाच्या हत्याकांडानंतर आईबापांपासून तुटलेल्या मुलांचे फोटो पुढे आहेत. ज्या लेकरांना आपलं नावही सांगता येत नव्हतं, त्यांचे फोटो गावोगाव दाखवून नातलग शोधले गेले. इथे घाई करू नका. लहान मुलं बरोबर असतील तर त्यांना आधी थोडं सांगा, कारण तिथले चेहरे त्यांच्याच वयाचे आहेत.

पहिल्या भागात कैद्यांनी रेडक्रॉसच्या प्रतिनिधींना दिलेल्या भेटवस्तू आहेत, तुरुंगात हाती लागेल त्यातून घडवलेल्या. या वस्तूंमागे एक कार्यपद्धती आहे. प्रतिनिधी तुरुंगात जातो तो अटी मान्य करवून : सगळे कैदी आणि सगळ्या जागा बघू द्यायच्या, कैद्याशी पहारेकऱ्याशिवाय बोलू द्यायचं, नावं नोंदवू द्यायची, आणि पुन्हा येऊ द्यायचं. बदल्यात अहवाल फक्त त्या सरकारला दिला जातो, वर्तमानपत्राला नाही. आत जाण्याची किंमत म्हणजे बाहेर गप्प राहणं.

ही किंमत कधी कधी भयंकर होते, आणि नेमक्या याच मुद्द्यावर आमची तक्रार आहे. ऑक्टोबर १९४२ मध्ये समितीच्या बैठकीत ज्यूंच्या संहारासह नागरिकांवरच्या अत्याचारांबाबत जाहीर आवाहन करावं का, यावर चर्चा झाली आणि ते न करण्याचं ठरलं. पुढे समितीने स्वतःच हे मोठं अपयश मानलं. १९६७ ते ७० च्या नायजेरियातल्या बिआफ्रा युद्धात तिथे काम केलेल्या तरुण फ्रेंच डॉक्टरांना हे मौन सोसवलं नाही, आणि १९७१ मध्ये त्यांनी पत्रकारांच्या साथीने 'सीमाविरहित डॉक्टर' (डॉक्टर्स विदाउट बॉर्डर्स) ही संघटना काढली. म्हणजे युद्धातल्या अन्यायाने एका तरुणाला तटस्थतेकडे नेलं, आणि शंभर वर्षांनी दुसऱ्या तरुणांना तिच्या मौनाविरुद्ध उभं केलं. या ताणाला एक अख्खी खोली हवी. संग्रहालयाची मांडणी अनुभवावर भर देते : माणसाच्या उंचीच्या पडद्यावर एक साक्षीदार उभा असतो, तुम्ही त्याच्या पंजावर आपला पंजा टेकवला की तो बोलू लागतो. कल्पना अत्यंत सुंदर आहे, आणि प्रत्येक जण काय सहन केलं ते सांगतो. आत जायला मिळावं म्हणून गप्प बसावं की नाही, हा अवघड प्रश्न मात्र बघणाऱ्यापुढे तेवढ्याच जोराने येत नाही.

चिन्हांबद्दलही लक्ष देऊन बघा. ओटोमन साम्राज्याने १८७६ मध्ये चंद्रकोर वापरायला घेतली, तिला करारात मान्यता १९२९ मध्ये मिळाली, आणि २००५ मध्ये लाल स्फटिक आला. चिन्ह एकदा खोटं वापरलं गेलं की पुढच्या खऱ्या गाडीवर गोळी झाडली जाते. २००८ मध्ये कोलंबियात ओलिसांच्या सुटकेच्या लष्करी मोहिमेत हे चिन्ह वापरलं गेल्याचं खुद्द राष्ट्राध्यक्षांना कबूल करावं लागलं, माफी मागावी लागली. आपल्याकडे डॉक्टरांच्या गाड्यांवर, औषधांच्या दुकानांवर, खेळण्यांच्या डब्यांवर हा लाल क्रूस सर्रास दिसतो. भारताच्या १९६० च्या जिनिव्हा करार कायद्यानुसार परवानगीशिवाय तो वापरणं गुन्हा आहे. पुण्या-मुंबईच्या कुठल्याही रस्त्यावर मोजून बघा.

मराठी वाचकाला एक खास काम सुचवतो. २९ एप्रिल १९१६ रोजी मेसोपोटेमियात कुट-अल-अमारा इथे ब्रिटिशांचं जे हिंदी सैन्य तुर्कांना शरण गेलं, ते सहावं पूना डिव्हिजन होतं. त्यात १०३, ११० आणि ११७ क्रमांकाच्या मराठा पलटणी होत्या. अधिकाऱ्यांना बऱ्यापैकी वागणूक मिळाली. साध्या शिपायांना वाळवंटातून शेकडो मैल चालवलं गेलं आणि हजारो वाटेत व छावण्यांत मेले. घरात पणजोबांचं 'बसऱ्याच्या लढाईत गेले' असं नाव असेल, तर संग्रहालयात जाण्याआधी समितीचा पहिल्या महायुद्धातल्या कैद्यांचा ऑनलाइन संग्रह उघडा. तो मोफत आहे. देश, मग लष्करी की नागरी, मग आडनाव, अशा पायऱ्या आहेत. थेट उत्तर मिळत नाही, त्या अक्षरांच्या आसपासच्या कार्डांची छायाचित्रं उघडतात आणि एकेक चाळावी लागतात. कार्ड सापडलं की त्यावरचा अक्षर-आकड्यांचा संदर्भ टिपून घ्या, त्यावरून मूळ यादीचं पान काढता येतं. आपली नावं परक्या कारकुनांनी ऐकली तशी लिहिलेली असणार, म्हणून एका आडनावाची चार-पाच स्पेलिंग करून बघा आणि पलटणीचा क्रमांक हाताशी ठेवा. तुर्कांच्या कैदेतल्या हिंदी शिपायांच्या याद्या अपुऱ्या आल्या होत्या, त्यामुळे कार्ड नाही म्हणजे माणूस कैदेत नव्हता असं धरू नका.

पाचपैकी चार गुण. एक गुण त्या नसलेल्या खोलीसाठी कापला. सकाळी जुन्या गावात नगरभवन बघा, प्लास द न्योव्ह चौकात द्युफूरचा अश्वारूढ पुतळा आणि शेजारचं म्युझे रात बघा. १९१४ मध्ये ती कार्डं लिहायचं काम याच इमारतीत चालत होतं. दुपारी संग्रहालय. द्युनांचं घर शोधत बसू नका : १८६७ मध्ये त्याचं दिवाळं निघालं, त्याने गाव सोडलं, १९०१ चं पहिलं शांतता नोबेल मिळाल्यावरही तो परतला नाही आणि १९१० मध्ये देशाच्या दुसऱ्या टोकाला, हायडेन गावच्या रुग्णालयात वारला. तिथे त्याच्यावरचं वेगळं संग्रहालय आहे, पण जिनिव्हाहून आगगाडीने जायलाच अर्धा दिवस लागतो.